पाठमोरी माणसे

आपल्या भागातील ख्रिस्ती घरांच्या भिंती एकदा निवांतपणे पाहाव्यात. दर्शनी भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर असते आणि तिच्यापुढे लहानसा तांबडा दिवा तेवत असतो. शेजारी पवित्र मरियेची प्रतिमा. पलीकडे आजा-आजीची करड्या रंगाची छायाचित्रे, घरातील कुणाच्या लग्नाचे, कुणाच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाचे, कुणाच्या गुरुदीक्षेचे छायाचित्र. या सर्व चौकटींत माणसे आहेत. संत असोत वा पूर्वज, ते आपल्याकडे पाहत असतात आणि आपणही येता-जाता त्यांच्याकडे पाहत असतो. जुनी कौलारू घरे जाऊन त्यांच्या जागी बंगले आणि सदनिका आल्या, तसा या भिंतींवर आणखी एका चौकटीने प्रवेश केला. तिला आपण ‘सीनरी’ म्हणतो. बहुधा त्यात समुद्र असतो, मावळता सूर्य असतो, वाकलेला माड असतो आणि वाळूवर एक रिकामी होडी असते. ती होडी कुणाची, ती किनाऱ्यावर कुणी ओढून आणली, उद्या पहाटे ती घेऊन कोण जाणार, यातले काहीच कळत नाही. त्या चित्रात माणूस नसतो.

समुद्रकिनाऱ्याचेच एक निराळे, लहानसे चित्र गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून राहिले आहे. ते आपल्याकडचे नाही. आयर्लंडमधील पॉल हेन्री या चित्रकाराने १९१० ते १९११ च्या सुमारास ते तैलरंगात रंगविले. ‘लाँचिंग द करॅक’ हे त्याचे नाव. करॅक म्हणजे तिकडची हलकी होडी; तेव्हा ‘होडी पाण्यात घालताना’ असे आपण म्हणू या. आज ते डब्लिनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. माझी एक पुतणी त्या शहरात परिचारिका आहे. रविवारची मिस्सा आटोपून ती एकदा त्या दालनात गेली आणि तेथून तिने या चित्राचे कार्ड मला टपालाने धाडले. मागच्या बाजूला एवढेच लिहिले होते : “काका, हे पाहिले आणि पाचूबंदर आठवले.”

मूळ चित्र काही मोठे नाही. उंची सुमारे सोळा इंच, रुंदी सुमारे चोवीस इंच. म्हणजे एका माणसाला सहज काखेत धरून नेता येईल एवढे. वर करडे आभाळ, खाली करडा-निळा समुद्र आणि फेसाळत येणाऱ्या लाटा. काठावर काही माणसे अंग वाकवून, पायांचा रेटा देत एक काळी होडी पाण्यात लोटत आहेत. त्यांचे कपडे गडद आहेत. चेहरे दिसत नाहीत. दिसतात त्या पाठी, खांदे आणि त्यांवर आलेला ताण. ऊन नाही, इंद्रधनुष्य नाही, डोळ्यांना सुखविणारे असे काही नाही. तरीही ते कार्ड हातात घेतले की खाऱ्या वाऱ्याचा ओलावा जाणवतो.

पॉल हेन्रीचा जन्म १८७६ मध्ये बेलफास्ट येथे एका बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या घरी झाला. तो कॅथलिक नव्हता आणि कोळ्यांचा तर मुळीच नव्हता. १८९८ मध्ये तो पॅरिसला शिकायला गेला. धूसर, मंद रंगांचा उस्ताद व्हिसलर तेथे त्याला गुरू म्हणून लाभला आणि मिले या फ्रेंच चित्रकाराच्या कामाने त्याला भारून टाकले. मिलेचे नाव आपल्याला ठाऊक नसले तरी त्याचे एक चित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असते. बटाट्याच्या शेतात संध्याकाळी चर्चची घंटा ऐकून एक शेतकरी जोडपे माना खाली घालून एंजेलसची प्रार्थना करीत उभे आहे, ते चित्र. कष्टकऱ्याचा देह हा चित्राचा विषय होऊ शकतो, तो देवदूताच्या देहाइतका गंभीर असतो, हे हेन्री मिलेकडून शिकला.

१९१० च्या उन्हाळ्यात तो आयर्लंडच्या पश्चिम टोकाला असलेल्या ॲकिल बेटावर काही दिवसांसाठी म्हणून गेला. ते बेट, ते आभाळ आणि ती माणसे यांनी त्याला असे काही धरून ठेवले की लंडनला परतण्याचे तिकीट आपण फाडून त्याचे कपटे समुद्रात फेकून दिले, असे त्याने पुढे १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे. तो १९१९ पर्यंत तेथे राहिला. होडी लोटणाऱ्या माणसांचे हे चित्र त्या वास्तव्याच्या अगदी आरंभीचे.

ॲकिल म्हणजे दलदल, खडक आणि वारा. १८८७ मध्ये पूल बांधला गेला तेव्हा ते बेट मुख्य भूमीशी जोडले गेले. तेथील माणसे कॅथलिक, गरीब. बटाट्याचे तुकडे-तुकडे शेत आणि समुद्र यांवर जगणारी. लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेले जाड कापड ताणून त्यांची होडी बनते. पूर्वी कापडाच्या जागी जनावरांचे कातडे असे. ती इतकी हलकी असते की दोन-तीन माणसे तिला डोक्यावर उपडी घेऊन चालतात, आणि इतकी नाजूक की एका अणकुचीदार खडकाने तिचा घास घ्यावा.

शेती आणि मासळी यांवर पोट भरत नसे. म्हणून दर उन्हाळ्यात बेटावरील तरुण मुलगे आणि मुली बटाट्याच्या काढणीसाठी स्कॉटलंडला जात. १४ जून १८९४ रोजी अशीच मंडळी वेस्टपोर्टबाहेर उभ्या असलेल्या आगबोटीकडे शिडाच्या होडीतून निघाली होती. होडीत दाटी होती. आगबोट दृष्टीस पडताच ती पाहण्यासाठी सगळी एका अंगाला धावली आणि होडी उलटली. बत्तीस जण बुडाले. बहुतेक कोवळ्या वयाचे. त्या वेळी ॲकिलपर्यंत रेल्वेचे रूळ टाकण्याचे काम चालू होते. मार्ग रीतसर सुरू होण्यापूर्वीच त्यावरून पहिली गाडी धावली ती या मृतदेहांना घरी आणण्यासाठी.

हेन्रीच्या चित्रात यातील काहीही सांगितलेले नाही. ते सांगण्याची त्याला गरज वाटली नसावी. ज्या गावात समुद्राने आणि परगावच्या मजुरीने घराघरातून माणूस नेला आहे, त्या गावची माणसे पहाटे पुन्हा होडी पाण्यात घालत आहेत, एवढे पुरेसे आहे.

मात्र चेहरे का नाहीत, हा प्रश्न माझ्या मनात बरेच दिवस रेंगाळत होता. त्याचे एक उत्तर पुस्तकांतून मिळते. आपले चित्र कुणी काढणे ॲकिलच्या माणसांना अशुभ वाटे. त्यामुळे हेन्रीला चोरून, आडोशाने रेखाटने करावी लागत. आपल्याकडेही फोटो काढला की आयुष्य उणावते असे मानणारी जुनी माणसे होतीच. दुसरे उत्तर मला पाचूबंदरच्या एका वृद्ध तांडेलांनी दिले. ते आता दर्यावर जात नाहीत. संध्याकाळी नातवाने आणलेल्या खुर्चीवर किनाऱ्याकडे तोंड करून बसतात. मी ते कार्ड त्यांच्या हाती दिले. चष्मा पुसून त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले.

“याला दर्या ठाऊक आहे,” ते म्हणाले. “एक लाट फुटली की दुसरी येईपर्यंत थोडी उसंत मिळते, मास्तर. तेवढ्यात होडी घालायची. वेळ साधली नाही तर ती आडवी होते आणि माणसाला खाली घेते.”

“पण नाखवा, एकाचेही तोंड दिसत नाही.”

“कसे दिसणार? होडी लोटताना मागे कोण बघतो?” ते हसले. मग कार्डावर बोट ठेवून म्हणाले, “आमच्या मागे बाया उभ्या असायच्या. हा चितारी बायांच्या जागेवर उभा आहे.”

चित्रकलेवरची पुस्तके मी थोडीफार वाचली आहेत. पण चित्र कोठून पाहिले आहे, म्हणजेच ते आपल्याला कोठे उभे करते, हे मला इतक्या नेमकेपणाने कुणी समजावले नव्हते. होडी जाते आणि जी माणसे काठावर उरतात, त्यांच्या जागेवरून हे चित्र काढले आहे. आई, बायको, बहीण, जाण्याच्या वयाचा न झालेला मुलगा. चित्रासमोर उभे राहणारा प्रत्येक जण, मग तो डब्लिनचा शेठ असो की वसईचा मास्तर, क्षणभर त्या घरचा होतो. जाणारी पाठ आपल्या माणसाची असते तेव्हा ओठांवर आपोआप प्रार्थना येते. त्या चित्रात क्रूस नाही, चर्च नाही. तरी मला ते धार्मिक वाटते, त्याचे कारण हेच असावे.

हेन्रीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याला तांबडा आणि हिरवा यांतील भेद नीट दिसत नसे. त्याच्या चित्रांत निळ्या, करड्या, मातकट छटांचे जे राज्य आहे, ते पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी. आता गंमत अशी की आयर्लंडच्या त्या पश्चिम किनाऱ्यावरील बायकांचा पोशाख म्हणजे लाल लोकरी घागरा. दलदलीच्या हिरव्या-तपकिरी पसाऱ्यात तो लाल ठिपका दुरून ओळखू येई. शेतात कोण आहे, काठावर कोण उभे आहे, ते त्यावरून कळे. हे वाचले तेव्हा मला आपल्या कुपारी समाजातील बायांचे लाल लुगडे आठवल्याशिवाय राहिले नाही. केळीच्या बागेतून, भाताच्या बांधावरून, सणाच्या मिरवणुकीतून चालणारे ते लाल लुगडे हीच आपल्या हिरव्या वसईची ओळखखूण होती. आता ते सणासमारंभाला आणि सांस्कृतिक कार्यक्रमाच्या व्यासपीठावर दिसते. रोज ते नेसणाऱ्या आज्या एकेक करून आपल्यातून निघून चालल्या आहेत.

हेन्रीच्या चित्रांतूनही पुढे माणसे निघून गेली. १९१२ मध्ये त्याने शेतात वाकून बटाटे खणणाऱ्यांचे चित्र काढले होते. तेही डब्लिनच्या त्याच दालनात आहे. १९१९ मध्ये तो ॲकिल सोडून डब्लिनला राहायला गेला आणि हळूहळू त्याच्या चित्रांत निळे डोंगर, ढगांचे थर, शांत पाणी आणि पांढऱ्या भिंतींची, गवती छपरांची घरे एवढेच उरले. किलरी नावाच्या खाडीवरील पहाटेचे एक चित्र त्याने १९२२ ते १९२३ च्या सुमारास केले. ते बेलफास्टच्या संग्रहालयात आहे. डोंगर पाण्यात उतरले आहेत, पाणी आभाळात मिसळले आहे आणि सगळीकडे रुपेरी निळी नीरवता पसरली आहे. ते चित्र सुंदर आहे, यात शंका नाही. ते पाहताना एखाद्या रिकाम्या चर्चमध्ये पहाटे एकटेच जाऊन बसल्यासारखे वाटते. अशा शांततेचीही माणसाला गरज असते आणि ती देणाऱ्या चित्रकाराचे ऋण मानलेच पाहिजे.

परंतु पुढे त्या चित्रांचे जे झाले ते विचार करायला लावणारे आहे. १९२५ मध्ये लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश या रेल्वे कंपनीने हेन्रीचे कॉनेमाराचे एक निसर्गचित्र पर्यटकांसाठी भित्तिपत्रक म्हणून छापले. निळा डोंगर, मोठे ढग, पायथ्याशी पांढरी घरे. ते विलक्षण लोकप्रिय झाले आणि लोकांच्या मनात आयर्लंड म्हटले की तेच चित्र उभे राहू लागले. स्वतः आयरिश माणूसही आपला देश तसाच आहे असे समजू लागला. होडी लोटणाऱ्या पाठी त्या चित्रात नव्हत्या. बटाटे खणणाऱ्या बाया नव्हत्या. घरे होती, पण दारात कुणी उभे नव्हते.

आणि दारात खरोखरच कुणी उरले नव्हते. बेटावरची तरुण मुले स्कॉटलंडला, इंग्लंडला, अमेरिकेला जातच होती. १६ सप्टेंबर १९३७ रोजी स्कॉटलंडमधील कर्किन्टिलॉक या गावी मजुरांच्या झोपण्याच्या जागेला आग लागली आणि ॲकिलचे दहा तरुण मुलगे जळून मेले. त्यांचे देह बेटाकडे आले तेही रेल्वेने. तो मार्ग त्याच महिन्याअखेर कायमचा बंद झाला. मृतांना घेऊन सुरू झालेली गाडी मृतांना घेऊनच थांबली. आज त्या रुळांच्या जागी सायकलींसाठी रमणीय रस्ता केलेला आहे. हेन्रीची दृष्टी १९४५ मध्ये गेली. १९५८ मध्ये तो वारला.

होडी लोटणारी माणसे आणि निर्मनुष्य किलरी ही दोन्ही चित्रे एकाच हाताने काढलेली आहेत. पहिले आपल्याला किनाऱ्यावर घरच्या माणसाच्या जागी उभे करते. दुसऱ्यापुढे आपण पाहुणे म्हणून उभे राहतो. पाहुण्याला किनारा रिकामा हवा असतो, कारण तो तेथे शांतता घ्यायला आलेला असतो. घरच्याला तो रिकामा दिसला तर पोटात खड्डा पडतो.

हे सारे दूरदेशीचे झाले. पण आपल्या किनाऱ्याकडे आपण यांपैकी कोणत्या जागेवरून पाहतो? आपल्याकडे रेल्वे ॲकिलच्या कितीतरी आधी आली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. त्या गाडीने आपली केळी, भाजी, फुले आणि मासळी मुंबईला नेली, आपल्या मुलांना शिक्षण आणि नोकऱ्या दिल्या. तिचे उपकार विसरून चालणार नाही. पुढे त्याच गाडीने मुंबई आपल्याकडे आणली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. त्यांपैकी पुष्कळांना समुद्र ठाऊक आहे तो रविवारचा. अर्नाळा, राजोडी, भुईगाव, रानगाव, सुरुची बाग ही त्यांच्यासाठी फिरायला जायची ठिकाणे आहेत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दमलेल्या माणसाने वाऱ्यावर बसावे, यात वाईट काय आहे? वसईच्या किल्ल्यात भग्न चर्चच्या कमानींखाली वधूवर छायाचित्रे काढून घेतात, चित्रपटवाले येतात. त्यांच्या चौकटीत पाचूबंदरची वलांडी आणि त्यांवर वाळत असलेले बोंबील येऊ नयेत म्हणून कॅमेरा जरा बाजूला वळवतात.

मला खंत वाटते ती आपली स्वतःची. आपणही कॅमेरा बाजूला वळवायला शिकलो आहोत. आपल्या नव्या घरात सुक्या मासळीचा वास येऊ नये, पाहुण्यांसमोर आजीने आपल्या बोलीत बोलू नये, भिंतीवर लुगड्यातली पणजी असण्यापेक्षा एखादी ‘सीनरी’ बरी, असे आपल्याला वाटू लागले आहे. ती सीनरी दुकानातून येते. तिच्यातला समुद्र कोणत्याच गावचा नसतो. ज्या घरातील पुरुषांनी तीन पिढ्या होडी लोटली, त्या घराच्या भिंतीवर माणूस नसलेली होडी टांगलेली मी पाहिली आहे.

आपल्याच धर्मबांधवांपैकी काहींनी याच्या उलट करून दाखविले, हेही सांगितले पाहिजे. अंतोनियो शाव्हियेर त्रिंदाद यांचा जन्म १८७० मध्ये गोव्यात सांगे येथे झाला. ते मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि माहीमला राहिले. युरोपीय तैलरंगाचे तंत्र त्यांनी पुरते आत्मसात केले. पण त्या रंगांनी त्यांनी आपली पत्नी, आपली मुले, आपल्या भोवतीची साधी माणसे रंगविली. १९३५ मध्ये ते निवर्तले. त्यांची बरीच चित्रे आज पणजीतील ‘फुंदासाव ओरिएंत’ या संस्थेत पाहायला मिळतात. त्यांच्यानंतरच्या पिढीतले आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ चा. त्यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि पवित्र मरियेला साडी नेसविली, आपल्याकडच्या बाईचा सावळा चेहरा दिला. गोव्यातील लोकांना ते रुचले नाही. फोन्सेकांना गाव सोडावे लागले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. परमेश्वराची आई आपल्या घरातल्या बाईसारखी दिसली तर लोकांना राग का यावा, हा प्रश्न त्यांची चित्रे आजही विचारतात. आपले स्वतःचे रूप पवित्र असू शकते, यावर आपला विश्वास बसत नाही, हेच त्याचे उत्तर नसेल ना?

वास्तविक आपल्या श्रद्धेचा उगमच अशा एका किनाऱ्यावर आहे. गालील सरोवराच्या काठी प्रभूने पहिली हाक दिली ती होडीजवळच्या माणसांना. कुणी जाळे टाकत होते, कुणी जाळी धूत होते, कुणी बापाबरोबर होडीत बसून जाळी नीट करीत होते. सुवार्तिकांनी त्या सरोवराच्या सौंदर्याचे वर्णन केलेले नाही. सूर्योदय कसा झाला, पाण्याचा रंग कोणता होता, याविषयी ते गप्प आहेत. रात्रभर राबून हाती काही न लागल्याचा थकवा मात्र त्यांनी नोंदवून ठेवला आहे. पुनरुत्थानानंतरही प्रभू भेटला तो पहाटे, किनाऱ्यावर, निखाऱ्यांवर मासळी ठेवून. त्या चित्रातून माणसे काढून टाकली तर एक रम्य सरोवर उरेल, पण शुभवर्तमान उरणार नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या पास्काच्या सणाला जगभरच्या कलावंतांना उद्देशून एक पत्र लिहिले होते. सौंदर्य हे परमेश्वराच्या निर्मितीशी नाते सांगते, अशी त्यांची धारणा होती. त्या निर्मितीत माणूस सहाव्या दिवशी आला, हे आपण चित्र काढताना आणि चित्र निवडतानाही ध्यानात ठेवायला हवे.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात सणानिमित्त मुलांची चित्रकला स्पर्धा होती आणि परीक्षकांत मीही होतो. विषय होता ‘आमचा समुद्रकिनारा’. पन्नासेक चित्रे समोर आली. त्यांपैकी बहुतेकांत दोन डोंगरांच्या मधोमध उगवणारा सूर्य होता. वसईच्या किनाऱ्यावर उभे राहिले तर सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. डोंगर आहेत ते आपल्या पाठीमागे, तुंगारेश्वराच्या बाजूला. माड होते, पण सुरूचे झाड एकाही चित्रात नव्हते. होड्या होत्या, त्या रिकाम्या. समुद्रापासून मैलभरावर राहणाऱ्या मुलांनी समुद्र काढला होता तो चित्रांच्या पुस्तकातला. एका मुलीने मात्र पाण्यापासून दूर, कोपऱ्यात, टोपली घेऊन बसलेली एक बाई काढली होती. तिला चेहरा काढता आला नव्हता म्हणून तिने तो पदराने झाकला होता. लुगडे लाल होते. “ही कोण?” मी विचारले. “माझी मोठी आई,” ती म्हणाली. “ती आता नाही.” आम्ही परीक्षकांनी तिलाच पहिले बक्षीस दिले आणि त्यावर कुणाचा वाद झाला नाही.

म्हणून वाचकांना, विशेषतः तरुण आईवडिलांना आणि धर्मग्रामातील कार्यकर्त्यांना एक सुचवावेसे वाटते. पुढच्या सणाला स्पर्धा घ्याल तेव्हा मुलांना आधी किनाऱ्यावर न्या. भरतीची वेळ विचारून घ्या. अर्नाळ्याला, नायगावला, पाचूबंदरला जी वडीलधारी माणसे अजून आहेत, त्यांना मुलांजवळ बसवा. होडीला नाळ कोणती, डोल कशी लावतात, आगोटीला होडी किनाऱ्यावर कशी ओढून घेतात, हे त्यांच्या तोंडून मुलांना ऐकू द्या. नाळेवर क्रूस का रंगवितात, तेही ते सांगतील. आगरातल्या मुलांना त्यांच्या आजोबांबरोबर बावखलाच्या काठावर बसवा. मग कागद आणि रंग द्या. त्यांतले एखादे चित्र, ओबडधोबड असले तरी, चौकटीत बसवून बैठकीच्या खोलीत लावा. दुकानातल्या सीनरीपेक्षा ते लहान असेल, चालेल.

चेहरे काढता आले नाहीत म्हणून मुले खट्टू झाली तर त्यांना सांगा की हरकत नाही, पाठी काढा. फक्त वाकलेल्या काढा, आणि त्या कुणाच्या आहेत ते खाली लिहा.